पालव साहेबांचा सिक रिपोर्ट

पालव साहेबांची ओळख आधी माझ्या पोटाशी झाली, मग माझ्याशी. काळाचौकीतल्या आमच्या चाळीचा जिना वळणाचा आहे. खालून येणाऱ्याचा जो भाग सगळ्यांत पुढे असेल तो वरच्याला आधी दिसतो. त्या दिवशी पोट वर पोचलं, पाठोपाठ मी पोचलो, आणि माझा श्वास मात्र बराच वेळ खालीच रेंगाळला. गॅलरीत एक सडसडीत गृहस्थ स्टीलच्या मगातून गरम पाणी पीत उभे होते. आपल्या वडिलांच्या जुन्या खोलीत नुकतेच राहायला आलेले रिटायर्ड सुभेदार ते हेच, एवढं मी ऐकून होतो.

"कुठली पलटण?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही कसं ओळखलंत?"

"पोट सिव्हिलियन आहे. पण माझ्यासमोर थांबताना टाचा जुळवल्यास."

मी हवालदार क्लार्क होतो असं सांगितलं. "म्हणजे बाबू," ते म्हणाले, आणि पुढची सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी बाबूच राहिलो. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, ओळख झाली म्हणून हात मिळवतायत. पण हात काही सुटेना. त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर आणि डोळे स्वतःच्या घड्याळावर.

"काय होतंय?"

"काही नाही, साहेब. ओके."

"मेल्या, नाडी घोड्यासारखी पळतेय आणि म्हणे ओके!"

फौजेबाहेरच्या माणसाला ह्या 'ओके'ची गंमत कळायची नाही. पलटणीत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला काही होतंय त्याने एम.आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन सांगायचं. जाणाऱ्याकडे बाकीचे कामचोर म्हणून बघतात. शिवाय दुखणं कागदावर चढलं की मेडिकल कॅटेगरी घसरते, आणि कॅटेगरी घसरली की बढती लटकते. म्हणून जवान गुडघा सुजला तरी ओके असतो आणि तापाने फणफणला तरी ओके असतो. उमेदीची सगळी वर्षं ह्यात घालवल्यावर पेन्शनीत निघालेल्या माणसाची जीभ दुसरं काही बोलायला वळतच नाही.

ह्या विद्येत मी तर पहिल्या नंबराने पास. फौजेत मी जखमी झालो तो एकदाच, स्टेपलरने. पण वार्षिक मेडिकलच्या आघाडीवर मी शर्थीने लढलो. बढतीच्या वर्षी वजन जास्त भरणार हे उघड दिसत होतं. मी जेवण सोडलं, पाणी तोडलं, बनियनखाली प्लास्टिकची पिशवी घालून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या, वर केसही बारीक कापून घेतले. काट्यावर उभा राहिलो, वजन बसलं, आणि मी कोसळलो. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरसाहेब वाकून विचारत होते, काय झालं? मी पडल्या पडल्या म्हणालो, "काही नाही, साहेब. ओके."

सुभेदार पालवांची सगळी नोकरी ह्याच एम.आय. रूममध्ये गेली होती. ते नर्सिंग असिस्टंट. वेगवेगळ्या पलटणींबरोबर बर्फात राहिले, वाळवंटात राहिले, आणि सकाळी सकाळी जवानांच्या थापा ऐकत राहिले. ते म्हणायचे, "बाबू, थापा दोन जातीच्या. नसलेलं दुखणं सांगणारा एक. त्याला साधी गोळी देऊन परत पाठवता येतं. पण असलेलं लपवणारा? त्याला काय देणार, कप्पाळ?"

मी दुसऱ्या जातीतला, हे त्यांनी महिन्याभरात सिद्ध केलं. मला साखर निघाली होती. तपासणीच्या आधीचा आठवडा मी सोन्यासारखा वागायचो. चहा बिनसाखरेचा, भात बंद, लालबागच्या फरसाणवाल्याच्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे. रिपोर्ट चांगला आला की बायकोला दाखवायचो आणि त्याच संध्याकाळी जिलबीने साजरा करायचो. पालव साहेबांनी रिपोर्ट बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "आता ती तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी कर." अशी काही तपासणी निघाली आहे ह्याचा मला पत्ताच नव्हता. विज्ञानाने माझा घात केला. आकडा बघून बायको रडायलाच लागली. पालव साहेब मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "कोणाला फसवत होतास रे? आता तुला प्रमोशन कोण देणार आहे?"

त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी सिक रिपोर्ट सुरू केला. खाली चाळीच्या मंडळाच्या कचेरीसमोर ओटा आहे. रोज सकाळी पालव साहेब वरून आपली घडीची खुर्ची घेऊन यायचे, ओट्यासमोर उघडायचे आणि बसायचे. आसपासच्या चाळींतले आम्ही पाच-सात माजी सैनिक रांगेत उभे. प्रत्येकाने दोन तक्रारी सांगायच्या, एक शरीरातली आणि एक डोक्यातली. 'काही नाही' चालणार नाही.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. शरीरातलं म्हणून कोणी नळाला पाणी कमी येतं हे सांगे, डोक्यातलं म्हणून कोणी जावयाचं नाव घेई. तोफखान्यातले राणे दोन्ही कानांनी ठार बहिरे झाले होते, पण त्याची तक्रार ते कधीच करीत नसत. मशीन लावून घ्या, असं पालव साहेबांनी त्यांना ओरडून सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, कान गेल्यापासून आमच्या घरातली भांडणं बंद झाली. हे दुखणं आहे का औषध, ते आधी ठरवा." साहेब हसले. त्यांचं हसणं बिनआवाजी. नुसते खांदे हलायचे.

गोळ्या मात्र ते कोणाला देत नसत. "गोळी डॉक्टरची. झोप, जेवण, चालणं आणि बोलणं, ह्याचं राशन ज्याचं त्याने काढायचं." ते साखर-बीपी विचारायचे, पण त्याआधी विचारायचे, काल कोणाशी बोललास? मोबाइलवर गुलाबाच्या फुलांसकट सुप्रभात पाठवणं हे बोलण्यात धरलं जात नसे. कधी कधी ते आम्हाला सोडून थेट आमच्या बायकांनाच विचारायचे. नवऱ्याची तब्येत बायकोच्या आवाजात कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या बायकोचा आवाज ऐकून मला आयसीयूत हलवायला हवं, असंही एकदा म्हणाले.

नाईक तांबे पलीकडच्या चाळीतले. दणकट गडी, एका मॉलच्या गेटवर सिक्युरिटीत होते. त्यांना मागून कोणी हात लावला की ते गर्रकन वळून समोरच्याची कॉलरच धरायचे. मॉलमध्ये मागून हात न लावणारा माणूस कुठून आणायचा? नोकरी जायच्या बेतात होती. घरी लेक जवळ यायला बिचकायची. सिक रिपोर्टात ते कित्येक दिवस खांद्याचं दुखणंच सांगत राहिले. एका सकाळी मान खाली घालून म्हणाले, "जयभीम साहेब. शरीरातलं नेहमीचंच. डोक्यातलं म्हणजे... काल पोरगीवर हात उगारला. मारला नाय. पण उगारला."

पालव साहेबांनी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, मनाच्या डॉक्टरकडे, आणि स्वतः बरोबर गेले. ती डॉक्टरची गोळी झाली. राशन म्हणून त्यांनी सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना: रोज संध्याकाळी बायको आणि मुलीसमोर बसून मेथी निवडायची.

"मेथी?" तांबे म्हणाले.

"मेथी नसली तर वाल सोल. हात कामात राहतात, समोर घरचं माणूस असतं, आणि पानापानाला थांबावं लागतं."

तांब्यांना मेथीची चेष्टा फार ऐकावी लागली, त्यातली निम्मी माझीच होती. पण महिन्या-दोन महिन्यांत त्यांची मुलगी ओट्यावर आली, मागून बापाच्या गळ्यात हात टाकला, डब्याची पिशवी दिली आणि गेली. तांबे दचकले, पण वळले नाहीत. नुसते उभे राहिले, डोळे मिटून. त्यानंतर मी मेथीची चेष्टा बंद केली.

मला भायखळ्याच्या भाजी बाजाराचं राशन मिळालं. सकाळी चालत जायचं, घरची भाजी घ्यायची, दोन्ही हातांत सारखं वजन विभागून चालतच परत यायचं. जाताना मी बस पकडायचो, परतताना टॅक्सी, आणि चिंचपोकळी स्टेशनाजवळ उतरून तिथल्या नळावर शर्ट भिजवून घ्यायचो. मग धापा टाकत ओट्यावर हजर. माझ्या मते हे नाटक उत्तम वठलं होतं. एके दिवशी पालव साहेबांनी मला गोल फिरवलं.

"घाम पुढून आलाय, पाठ कोरडी?"

"साहेब, पोट पुढे असल्यामुळे श्रम पुढेच जास्त होतात."

"आणि घामाला क्लोरीनचा वास कसा?"

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर बाजारात यायला लागले. मी दम लागला की बुटाची नाडी बांधायला वाकायचो. ते शांतपणे थांबायचे. पुष्कळ दिवसांनी म्हणाले, "बाबू, तू चपला घालतोस." पण त्या चालण्याने माझी साखर खरंच खाली आली, आणि बायकोचा आवाजही.

मग पालव साहेबांनी माझ्याबरोबर बाजारात येणं थांबवलं. म्हणाले, "आता तू एकटा जाऊ शकतोस." मला अभिमान वाटला. इतका गाढव मी.

ह्या सगळ्यात ते स्वतः कधी रांगेत उभे राहिले नव्हते. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "रिपोर्ट घेणाऱ्याचा रिपोर्ट नसतो." आम्हालाही त्यात वावगं वाटलं नाही. तो माणूस आजारी पडू शकतो, हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

एका दुपारी त्यांच्या पत्नी, सुमतीवहिनी, आमच्या दारात आल्या. हातात घावण्यांची ताटली होती, पण घावण्यांसाठी आल्या नव्हत्या हे तोंडावर दिसत होतं. वहिनी मालवणीतच बोलायच्या.

"भावोजी, हे माका काय सांगणत नाय. जिन्यार उभे रवतत नि म्हणतत, वायरी बघतंय. रोज कसल्या वायरी?"

साहेबांना जिन्याच्या वळणावर थांबून मीटरच्या वायरी न्याहाळताना सगळ्या चाळीने बघितलं होतं. लोक कौतुक करायचे, सुभेदार चाळीची किती काळजी घेतात म्हणून. मी संध्याकाळी त्यांच्या मागोमाग जिना चढलो. ते वळणावर थांबले. मान वर केली. एक हात कमरेवर, जसा इलेक्ट्रिशियनचा असतो. पण दुसऱ्या हाताने कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती, आणि बनियन पाठीला चिकटला होता. तो घाम नळाचा नव्हता.

डॉक्टरने ओळखलं नसतं, वहिनींनी ओळखलं नाही, मी एका क्षणात ओळखलं. जन्मभर जी लबाडी केली ती दुसऱ्याची दिसायला कितीसा वेळ लागतो? माझ्या चपलांच्या नाडीसारखीच ही वायर होती.

"साहेब, कधीपासून होतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "काही नाही रे."

तांब्यांना सांगितलं तर ते म्हणाले, उचलून नेऊ. राणेंना सांगायचा प्रयत्न केला, पण चाळीत ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शेवटी मी एक युक्ती काढली, बाकीच्यांनी ती मान्य केली, आणि दुसऱ्या सकाळी साहेबांनी खुर्ची उघडली तेव्हा तांबे पुढे होऊन म्हणाले, "काही नाही, साहेब. ओके."

पुढचा म्हणाला, "काही नाही, साहेब. ओके." मीही म्हणालो. राणेंनी मात्र नेहमीप्रमाणे बद्धकोष्ठाची सविस्तर हकिकत सुरू केली. तांब्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा त्यांनी पायाचीही तक्रार केली.

साहेब आमच्याकडे बघत राहिले. "हे काय चाललंय?"

"तुम्ही रिपोर्ट द्या," मी म्हणालो. "मग आम्ही देतो."

"पलटणीत ह्याला बगावत म्हणतात, बाबू."

त्यांनी खुर्ची मिटली आणि निघून गेले. जिन्यावर ते मध्ये थांबले असणार. वर पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. आम्ही ओट्यावर बसून राहायचो, खुर्चीच्या जागेकडे बघत. कल्पना माझी होती, त्यामुळे सगळे माझ्याकडेही बघायचे. मला फार भीती वाटली. त्यांना काही झालं तर शेवटचं आपण त्यांच्याशी खोटं बोललो, आणि तेही ठरवून, हे मला गिळता येत नव्हतं. त्या दिवसांत मी फरसाणवाल्यासमोर उभा राहूनही काही घेतलं नाही. ह्यावरून काय ते समजा.

मग एका सकाळी ते आले. खुर्ची उघडली, ओट्यासमोर ठेवली, आणि स्वतः रांगेच्या शेवटी, राणेंच्या पलीकडे, टाचा जुळवून उभे राहिले.

"बाबू, बस."

मी आयुष्यात कधी सुभेदाराच्या खुर्चीत बसलो नव्हतो. बसलो तर पोट खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये अडकलं. कोणीही हसलं नाही.

"शरीरातली," मी म्हणालो.

"छातीत आवळतं. जिना चढताना. डावा हात जड होतो. बरेच महिने."

"डोक्यातली?"

कुठलीतरी शाळेची गाडी हॉर्न वाजवत गेली. मग म्हणाले, "भीती वाटते."

एका सुभेदाराने हवालदारांसमोर, नाईकांसमोर हे म्हटलं. तांब्यांनी मान फिरवली.

"कसली, साहेब?"

"सुमतीला गॅसचा रेग्युलेटर लावता येत नाही. ती सिलिंडरला घाबरते. एवढी वर्षं सुट्टीवर आलो की मीच लावायचो, नाहीतर शेजारी कोणीतरी. ऑपरेशनच्या टेबलावरून परत नाही आलो, तर सिलिंडर संपल्यावर ती काय करील? लोकांना मरणाची भीती वाटते. माझ्या डोळ्यांसमोर आपला तो रेग्युलेटर येतो." त्यांचे खांदे थोडे हलले. ते हसत होते असं मला आधी वाटलं.

मी क्लार्क माणूस, वरून आलेला हुकूमच खाली पाठवणार. मी म्हणालो, "गोळी डॉक्टरची. आजच जायचं. रेग्युलेटरचं राशन माझ्याकडे."

त्याच दिवशी आम्ही त्यांना फौजी इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या, तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. तरण्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस कसे काढले ह्यांनी? बायपास ठरली.

इकडे मी वहिनींना रेग्युलेटर शिकवायला गेलो. आता खरं सांगतो, मीही सिलिंडरला घाबरतो. आमच्याकडे बायको लावते. मी दाराबाहेर गॅलरीत उभा राहून सूचना देत होतो, "आधी टोपी काढा, वहिनी, मग दाबा, मग फिरवा." वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, पदर खोचला, "भावोजी, तुमी थयसरच रवा," म्हणाल्या आणि खट्कन रेग्युलेटर बसवला. संध्याकाळी इस्पितळात त्यांनी साहेबांना ते सांगितलं. साहेब म्हणाले, "बाबू कुठे उभा होता?" दोघं मिळून हसत राहिली. सकाळी त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं.

ते परत आले. पुढे वर्षभराहून जास्त आमच्यात होते. खाली उतरायला बंदी होती तोवर सिक रिपोर्ट वर गॅलरीत, त्यांच्या खाटेशी भरायचा. पहिला रिपोर्ट त्यांचा, आणि आता ते काहीच लपवीत नसत. टाके, ढेकर, स्वप्नं, वहिनींशी झालेलं भांडण, सगळं इतकं तपशीलवार की राणेसुद्धा हात जोडून म्हणायचे, साहेब, पुरे.

ते गेले तेव्हा मी गावी होतो. झोपेत गेले, असं बायकोने फोनवर सांगितलं. मी एस.टी.च्या स्टँडवर बसून लहान पोरासारखा रडलो. कोणी विचारलं, काय झालं काका, तर सांगितलं, आमचे साहेब गेले.

गावाला निघायच्या सकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो होतो. पिशवी घेऊन जिना चढलो, हल्ली मी न थांबता चढतो, आणि गॅलरीत पाऊल टाकलं तोच तांब्यांनी बोट ओठावर ठेवलं. ते साहेबांची दाढी करत होते. अर्धा गाल साफ झाला होता, अर्ध्यावर फेस होता, आणि साहेबांना मध्येच झोप लागली होती. मान मागे, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. आत वहिनी भाकऱ्या थापत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी झोपलेलं बघितलं नव्हतं. ते नेहमी दुसऱ्याची झोप विचारणारे. उठवावंसं वाटलं नाही. मी जिन्याकडे परत वळलो आणि एकदा मागे बघितलं. फेस वाळत चालला होता. तांब्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, ब्रश पाण्यात बुडवला आणि वाटीत हळूहळू नवा फेस करत, ते जागे व्हायची वाट बघत बसले.